चार पायांत चार चपला

मिस्तारीशी ज्याचं कधी भांडण झालं नाही असा माणूस आमच्या गावात शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो मुका असेल. पाण्याच्या पायपावरून तो शेजाऱ्यांशी भांडला, देवळाच्या वर्गणीवरून पुजाऱ्याशी भांडला, आणि एकदा कॉफीच्या टपरीवर त्यानं एकाची गचांडी धरली. का, तर तो आपल्याकडे बघून हसला म्हणून. तो बिचारा हसलाही नव्हता, थंडीनं त्याचे ओठ फाटले होते. मिस्तारीला हे पटेपर्यंत कॉफी गार झाली, मग गार कॉफीवरून टपरीवालीशी वेगळं भांडण.

पण ही सगळी किरकोळ भांडणं. खरं वैर एकाशीच, पुलुंगशी.

पुलुंगकडे सहा हार्डटॉप. हार्डटॉप म्हणजे ती जुनी चौकोनी जीप, चारी चाकांनी ओढणारी. ब्रोमो ज्वालामुखीच्या पायथ्याशी जो वाळूचा समुद्र पसरलाय, त्यात दुसरी गाडी जाते, पण परत येत नाही. जगभरातून माणसं इथं सूर्य उगवताना बघायला येतात, जसा काही त्यांच्या गावी तो उगवतच नाही. गावातल्या हार्डटॉप पहाटे रांगेनं त्यांना घेऊन वाळूत उतरतात आणि पलीकडच्या डोंगरावर चढतात. रांगेत ज्याचा नंबर त्यालाच भाडं. आणि नंबर कोणाला द्यायचा हे ठरवणारा जीपवाल्यांचा प्रमुख कोण, तर पुलुंगच.

मिस्तारी त्याच्याकडे ड्रायव्हर होता. मुलगी मुर्नी शाळेत जायला लागली तेव्हा त्यानं पुलुंगच्या गाडीचं स्टिअरिंग धरलं, आणि मुर्नी लग्न होऊन खाली मैदानात नांदायला गेली तरी ते सुटलं नव्हतं. शेवटी शेवटी त्या गाडीचे ब्रेक नुसते नावाला उरले होते. मिस्तारी रोज सांगायचा, पुलुंग रोज म्हणायचा, "बघू." एका पहाटे उतारावर पाय पार तळाला गेला तरी गाडी थांबेना. मिस्तारीनं ती डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवली. आतल्या बायका किंचाळल्या, एकीच्या कपाळाला टेंगूळ आलं, तेवढ्यावर निभावलं. पुलुंग आला, त्यानं आधी घासलेला पत्रा पाहिला आणि मग मिस्तारीकडे पाहिलं.

"डोळे कुठं ठेवून आला होतास रे?" अख्ख्या रांगेसमोर त्यानं विचारलं.

"डोळे जागेवर आहेत. ब्रेक नाहीत."

"ब्रेक नाहीत म्हणे! बाकीचे चालवतात ते काय पाय खाली घासून थांबवतात? गाडी चालवायला डोकं लागतं, मिस्तारी. तुझ्या खांद्यावर आहे तो कोबी आहे."

रांग खो खो हसली. मिस्तारीनं किल्ली काढली आणि जीव खाऊन खाली वाळूत भिरकावली.

"कोबीला किल्ली कशाला?" असं म्हणून तो चालत घरी आला. किल्ली आजतागायत सापडलेली नाही.

त्यानंतर तो पुलुंगच्या घरची पायरी चढला नाही, अगदी कारोलासुद्धा नाही. आता ही गोष्ट साधी नव्हे. कारोच्या सणात आमच्याकडे प्रत्येक घरानं प्रत्येक घरी जायचं, चुलीपाशी बसायचं आणि जेवायचं. नुसतं तोंड दाखवून भागत नाही, घास पोटात गेला पाहिजे, आणि पानात टाकायचं तर नावच काढू नये. सख्खे वैरी एकमेकांकडे बघत नाहीत, पण कारोला एकमेकांच्या घरी जेवतात. मिस्तारी तेवढं एक घर गाळून गावभर जेवायचा. असे तीन कारो गेले. लोक तोंडावर बोलले नाहीत, पण मनात सगळ्यांनी धरलं.

आणि मिस्तारीच्या डोक्यात त्या दिवसापासून एकच किडा वळवळत होता. स्वतःची हार्डटॉप घ्यायची, तिला रांगेत नंबर मिळवायचा आणि पुलुंगच्या गाड्यांमध्ये ती छाती काढून उभी करायची. मग मेलो तरी चालेल, असं तो म्हणायचा. बायको आर्तिवी म्हणायची, "मरायला गाडी कशाला लागते? तसेच मरा की."

गाडीला पैसे लागतात, आणि ह्याच्याकडे होतं काय, तर डोंगरउतारावरचं एक रान. त्यात बटाटा, कांद्याची पात, आणि बांधाच्या कडेनं त्याच्या आईचा मका. हा मका गावात आता कुणीच लावत नव्हतं. महिनोन् महिने रानात उभा राहतो, कणसं जेमतेम वीतभर, बाजारात कुत्रं विचारत नाही. दाणा पांढरा आणि त्यावर नखानं ओढल्यासारखी बारीक जांभळी रेघ. पण त्याचा आरोन, म्हणजे आमचा मक्याचा वाफवलेला घट्ट भात, असा व्हायचा की सोबतीला नुसती मिरची पुरे. खाताना गोड, आणि गिळल्यावर जिभेच्या मागं किंचित कडसर. म्हातारी मेल्यावर आर्तिवीनं तो मका नेमानं लावला, एक वर्ष चुकवलं नाही.

रान विकायचं ठरलं तेव्हा मिस्तारीनं तिला विचारलं नाही, सांगितलं.

"कोणाला विकणार?" ती म्हणाली. बाहेरच्या माणसाला आमच्याकडे रान विकत नाहीत. कितीही नड असली तरी नाही. घेणारा गावातलाच पाहिजे, आणि गावात रान घेण्याइतका पैसा कोणाकडे होता हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"ङात्रियो घेतोय," मिस्तारी म्हणाला. ङात्रियो म्हणजे त्याचा चुलतभाऊ.

"ङात्रियो? त्याच्याकडे पैसे आले कुठून?"

"कोंबड्या विकल्या असतील."

"त्याच्याकडे एकच कोंबडी आहे. तीही आपली पळून गेलेली."

"तुला काय करायचंय? तो देतोय, मी घेतोय. तू मध्ये बोटं घालू नकोस."

"निदान मका निघेपर्यंत थांबा. घरात बियाला म्हणून एक कणीस उरलेलं नाही. होतं नव्हतं ते सगळं रानात पेरलंय."

"भंगारवाला गाडी धरून थांबणार नाही!"

उभ्या पिकासकट रान गेलं. आर्तिवीनं त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं बंद केलं. म्हणजे 'जेवा', 'सरका' आणि 'तेल सांडू नका' एवढं बोलायची.

भंगारवाला खाली मैदानात, साखर कारखान्याच्या मागं. मातनावी त्याचं नाव. माणूस मदुरा बेटावरचा, जिभेला हाड नाही आणि काट्याला इमान नाही. त्याच्या वाड्यात गवतात रुतून एक हार्डटॉप बसली होती. इंजिन जाम, तळाचा पत्रा गंजून चाळण, एक दार गायब, मागच्या सीटवर बकरी व्यालेली. कागदपत्रं तेवढी धड होती.

"ही गाडी आहे की बकरीचा गोठा?" मिस्तारीनं विचारलं.

"बकरी वेगळी विकतोय. पाहिजे का?"

"चेसिसला तडा आहे."

"तडा नाही, रंग उडालाय."

मिस्तारी आडवा होऊन गाडीखाली घुसला, नखानं गंज खरवडला, हातोडीनं चेसिस ठोकत गेला आणि कान देऊन ऐकत राहिला. कारखान्याच्या इंजिनिअरनं वापरलेली गाडी, वाळू पाहिलेली नाही, खालचा सांगाडा शाबूत. हार्डटॉपमध्ये तेवढंच बघायचं असतं. बाकी सगळं बदलता येतं. तो बाहेर आला तो चेहऱ्यावर सुतक आणून.

"काय कामाची नाही. मी दया म्हणून नेतोय," तो म्हणाला.

"दया पुरे. पैसे किती ते बोल."

दोन तास दोघं एकमेकांच्या बापजाद्यांचा उद्धार करत होते. शेवटी त्याच भावात एका अपघातातल्या छोट्या ट्रकचं डिझेल इंजिनही मिस्तारीनं पदरात पाडून घेतलं. निघताना मातनावी थुंकला आणि म्हणाला, "तुझ्यासारखं गिऱ्हाईक दुष्मनालाही मिळू नये." मिस्तारीला आयुष्यात मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

घरामागं त्याची जी मोकळी जागा होती, जिथं आर्तिवी पात वाळत घालायची, तिथं गाडी येऊन पडली. वर पत्र्याचं छप्पर चढलं, खाली खडी आणि चुलीची राख धोपटून जमीन दगडासारखी घट्ट केली. आणि मग सुरू झालं ठोकणं, घासणं आणि शिव्या.

जुनं पेट्रोल इंजिन चालू झालं असतं तरी त्यानं मिस्तारीचं घर पिऊन टाकलं असतं, म्हणून डिझेल. पण ट्रकचं इंजिन हार्डटॉपच्या गिअरबॉक्सला थोडंच बसतं? मध्ये जाड लोखंडाची चकती कातून घ्यावी लागली. पहिली कातली ती केसभर तिरकी आली, इंजिन लावल्यावर गाडी तापातल्या म्हाताऱ्यासारखी थडथडायला लागली. लेथवाल्याशी भांडण करून दुसरी फुकट कातून घेतली. डिझेल इंजिन वजनाला जड, पुढचा भाग बसला, म्हणून एका मोडक्या पिकअपच्या स्प्रिंगचे पाटे आणून पुढं चढवले. ते एका बाजूचे जरा ताठ निघाले, त्यामुळं गाडी कायमची डावीकडं कललेली. तळाला नवा पत्रा परवडेना, मग कोण्या निवडणुकीतला जुना पाटीचा पत्रा कापून बसवला. उमेदवाराचा हसरा चेहरा बरोबर ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या पायाखाली आला. सीट मोडीत निघालेल्या बसच्या, मागं कोणीतरी आपल्या प्रेयसीचं नाव कोरलेल्या. टायर जुने, रिमोल्ड म्हणजे वर नवं रबर चढवलेले, चारही वेगवेगळ्या नक्षीचे.

एका गोष्टीत मात्र त्यानं कंजुषी केली नाही. ब्रेकचं सगळं सामान नवं, खोक्यातलं. डिझेलवर ब्रेकला जोर देणारा पंप वेगळा बसवावा लागतो, तोही नवाच घेतला. रंगाला म्हणून ठेवलेले पैसे त्यात गेले. गाडीला मग घराच्या खिडक्यांचा उरलेला हिरवा रंग लावला, तो बॉनेटपर्यंतच पुरला.

"अहो मुर्नीचे बाबा, पुढं हिरवी, मागं गंजकी," आर्तिवी न बोलण्याचा नेम मोडून म्हणाली. "गाडी आहे की सडका कोबी?"

कोबी म्हटल्यावर तो दोन दिवस जेवला नाही.

गावानं तर ताळतंत्र सोडलं. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा कॉफीच्या टपरीवर रांग लावून माणसं उभी. "अरे बघा बघा, चार पायांत चार चपला!" "कललीय का रे? कुणाला मुजरा करतेय?" "मिस्तारी, दाराला दोरी बांधलीस ती गाडीला आवळायला की तुला?" मिस्तारी मान ताठ ठेवून सगळ्यांना नावानिशी शिव्या देत गेला. एकालाही विसरला नाही.

नंबर द्यायच्या आधी जीपवाले गाडीची परीक्षा घेतात. त्यांचे पंच गाडीत बसतात, गाडी वाळूत उतरवायची, फिरवायची आणि भरल्या वजनानिशी वर आणायची. पुलुंग आला तो इस्त्रीचं जाकीट घालून, आणि मिस्तारीच्या शेजारी बसला. उमेदवाराच्या चेहऱ्यावर बूट ठेवला आणि म्हणाला, "चल. कोबी शिजतो का बघू."

वाळूत मिस्तारीनं चाकांतली हवा कमी केली, पुढची चाकंही ओढायला लागावीत म्हणून त्यांचे खटके फिरवले आणि गाडी सोडली. ती हलत होती, खडखडत होती, धूर सोडत होती, पण रुतली नाही. परतीच्या चढावर, ऐन वळणात, जिथं खाली दरी सरळ तुटलीय, तिथं पुलुंग एकदम ओरडला, "थांबव!"

मिस्तारीनं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी गपकन उभी राहिली. मागं बसलेले पंच एकमेकांवर आपटले. एक बोटभरसुद्धा मागं सरकली नाही.

"हे ब्रेक," मिस्तारी समोर बघत म्हणाला. "तुझ्या गाडीत बघितले नसशील कधी."

मग त्यानं लहान गिअर टाकला आणि गाडी कुरकुरत, कललेलीच, वर चढून आली. कुणी हसलं नाही. पंचांपैकी एक जण तर खाली उतरताना बॉनेटवर थाप मारून गेला. तेवढ्यात पुलुंग बोलायला उभा राहिला.

"गाडी चढली. गाडीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण रांगेत गाडी उभी राहते ती माणसाच्या भरवशावर. ह्या माणसानं तीन कारो माझ्या चुलीला पाठ दाखवली. माझ्या घरचं अन्न ह्याला विष वाटतं. उद्या वाळूत माझी गाडी बंद पडली तर हा दोर टाकेल का? तुम्हीच सांगा."

माना डोलल्या. मिस्तारीची बाजू घेणाऱ्यांच्याही डोलल्या, कारण मुद्दा खरा होता, भले बोलणारा लबाड असो.

"कारो आलाच आहे," पुलुंग गोड आवाजात म्हणाला. "पंचांना मी बोलावतो. ह्यानं यावं, चुलीपाशी बसावं, वाढलेलं सगळं संपवावं आणि तोंडातून वाईट शब्द न काढता उठावं. नंबर दिला म्हणून समजा. भांडला, तर त्या खटाऱ्याचं त्यानं लोणचं घालावं."

मिस्तारी आणि न भांडता उठणार! माणसं आत्ताच पैजा लावायला लागली.

कारोच्या दिवशी सकाळी आर्तिवी म्हणाली, "आधी तिथंच जाऊन या. पोट रिकामं आहे."

"म्हणजे? भिकाऱ्यासारखा उठल्या उठल्या त्याच्या दारात उभा राहू? म्हणेल, आला बघा शेपूट हलवत. सगळ्यांच्या शेवटी जाणार मी. सवडीनं!"

"तिथं पानात टाकता येणार नाही, मुर्नीचे बाबा."

"मला शिकवू नकोस. चाळीस कारो जेवलोय मी."

इथं त्याचं चुकलं. अभिमान पोटात जागा ठेवत नाही. पहिल्या घरी भात आणि कोंबडी, दुसऱ्या घरी बटाट्याचा रस्सा, तिसऱ्या घरी चिकट भाताचे लाडू. म्हाताऱ्या बायका तर हात धरून बसवतात आणि वाढतच राहतात. दुपार कलली तेव्हा मिस्तारीला वाकताही येत नव्हतं. पुलुंगच्या पायऱ्या तो आर्तिवीचा खांदा धरून चढला.

पुलुंगचं स्वयंपाकघर म्हणजे आमच्या घरासारखी तीन घरं मावतील एवढं. चुलीभोवती बुटक्या बाकांवर पंच बसले होते. कोपऱ्यात चुलतभाऊ ङात्रियोही होता, कॉफीच्या पेल्यात तोंड घालून. पुलुंगची बायको लास्तिनी पातेल्याशी.

"या या, भावजी!" ती म्हणाली. "वाट चुकलात की काय?"

"वाट माहीत होती, वहिनी. पाय येत नव्हते."

पंच हसले, पुलुंगही हसला. लास्तिनीनं पान वाढलं. पान कसलं, डोंगरच. रानभाजीची आमटी, खारा मासा, मिरचीचा ठेचा, आणि मधोमध आरोनचा ढीग. आजकाल सगळे तांदूळच खातात, आरोन सणापुरता. मिस्तारीनं तो ढीग पाहिला आणि त्याच्या कपाळावर घाम आला.

"लाजू नकोस," पुलुंग म्हणाला. "घरचंच आहे."

पहिला घास त्यानं न चावता ढकलला. दुसरा घशात अडकला, म्हणून चावावा लागला. आणि चावता चावता त्याचं तोंड थांबलं. गोड. मग गिळल्यावर, जिभेच्या मागं, किंचित कडसर.

त्यानं मान वर केली. चुलीच्या वर, धुरात, आडव्या काठीला कणसं टांगली होती. वीतभर लांबीची, पांढरी, दाण्यावर जांभळी रेघ.

त्यानं ङात्रियोकडं पाहिलं. ङात्रियो पेल्यातून तोंडच वर काढेना. मग त्यानं पुलुंगकडं पाहिलं. पुलुंग मांडीवर हात ठेवून वाट बघत होता, पतंग काटायला निघालेल्या पोरासारखा.

"का रे थांबलास?" पुलुंगनं विचारलं. "कडू लागला?"

सगळं एका क्षणात त्याला समजलं. रान ङात्रियोनं घेतलंच नव्हतं; नाव ङात्रियोचं, पैसा पुलुंगचा. ज्याच्या तावडीतून सुटायला गाडी घेतली, त्याच्याच घशात आईचं रान घातलं होतं, उभ्या पिकासकट, बियासकट. मिस्तारीच्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या. त्यानं उठायला जोर केला, पण उठवेना. आर्तिवी त्याला खेटून बसली होती आणि तिनं त्याच्या थंडीसाठी अंगाभोवती गुंडाळलेल्या सारोंगच्या काठावर गुडघा रोवला होता. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, लास्तिनीला माशाची कृती विचारत होती.

पंच त्याच्या तोंडाकडं बघत होते. आयुष्यभर ह्या तोंडातून जे निघालं होतं, ते निघायला आत्ताच्याइतकं सबळ कारण कधीच मिळालं नव्हतं.

मिस्तारी पुन्हा पानाकडं वळला. घास घेतला. चावला, गिळला. पोटात कळ यायची, डोळ्यांत पाणी यायचं, ते मिरचीचं की कशाचं हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. म्हातारी आई चुलीपाशी बसून हाच आरोन त्याच्या हातावर ठेवायची, फुंकर घालून. त्यानं ढीग संपवला. आमटी प्याला. पान बोटानं पुसलं. मग ते लास्तिनीपुढं धरून म्हणाला, "वहिनी, आरोन अजून वाढा."

"अहो, पुरे झालं..." लास्तिनी गोंधळली.

"वाढा. असा मका गावात कोणाकडं उरला नाही."

दुसरं पानही त्यानं संपवलं. पुलुंगच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गळून पडलं ते कुणाला दिसलं नाही, पण ते परत आलं नाही. मिस्तारी उठला, हात जोडले आणि म्हणाला, "जेवलो. पोटभर. नंबर?"

"रांगेत शेवटचा," पुलुंग जमिनीकडं बघत म्हणाला.

"चालेल."

घराच्या वळणापर्यंत तो चालला, आणि मग कुंपण धरून खाली बसला. आर्तिवी शेजारी उभी.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"पुलुंगच्या घरच्या बायका मका खुडत होत्या तेव्हाच बघितलं मी."

"आणि सांगितलं नाहीस! नवऱ्याला! माझ्याच घरात साप पाळलाय मी!"

"सांगितलं असतं तर आज जेवला असता?"

मिस्तारीनं कुंपणाची एक काठी उपटून फेकली. "रान गेलं, आर्तिवी," तो म्हणाला. "आईचं रान मी त्या चोराला दिलं." आणि तो ढसाढसा रडला, रस्त्यात, उघड्यावर. बघणारे सारोंग नाकावर ओढून दुसऱ्या वाटेनं गेले.

आर्तिवीनं त्याला रडू दिलं. मग सारोंगच्या घडीतून तिनं काहीतरी काढलं आणि त्याच्यापुढं धरलं. धुरानं पिवळसर झालेलं एक कणीस.

"चोरलंस?"

"कोणाचं?"

घरी आल्यावर ती थेट घरामागं गेली. पत्र्याच्या छपराखाली गाडी उभी होती, पुढं हिरवी, मागं गंजकी, डावीकडं कललेली. आर्तिवीनं गाडीभोवती एक फेरी मारली, पायानं जमीन दाबून बघितली आणि म्हणाली, "गाडी हलवा."

"का?"

"आपल्याकडं आता माती म्हणून एवढीच आहे."

"अगं, एवढं छप्पर घातलंय! इथं रात्री दहिवर गोठतं, गाडी बाहेर ठेवली तर सकाळी चालू व्हायची नाही!"

"मग लवकर उठा."

मिस्तारीनं दाराची दोरी सोडली, इंजिन चालू केलं आणि गाडी काढून रस्त्यावर नेली. नेली ती बरोबर पुलुंगच्या फाटकासमोर, अशी की त्याच्या सहा गाड्यांना बाहेर पडायला अंग चोरावं लागावं. रस्ता काही पुलुंगच्या बापाचा नाही.

परत येऊन त्यानं कुदळ घेतली. पहिला घाव खडीवर पडला आणि हाताला झिणझिण्या आल्या. खडीखाली माती काळीकुट्ट, ऑइल पिऊन चिकट झालेली. त्यानं हातभर उकरलं तरी काळीच. वास डिझेलचा.

"ह्यात काही उगवायचं नाही," तो म्हणाला.

"पावसाला अजून अवकाश आहे. काळी संपेपर्यंत खणा. मग जंगलाकडची माती आणून घाला. गाडी आहे ना आता."

मिस्तारीनं मातनावीला शिवी दिली, लेथवाल्याला दिली, पुलुंगला दिली, ङात्रियोला तर दोन दिल्या. आणि खणायला लागला.